वेळ जुळवणारी सेवा सुरू होत नाही तेव्हा: कारण शोधण्याची पद्धत

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील.

• 'सेवा सुरू होत नाही' या एका तक्रारीमागील वेगवेगळ्या स्थिती ओळखणे.
• लिनक्सच्या नोंदी वाचून बिघाडाचे मूळ कारण शोधणे.
• सेवा सुरू असणे आणि वेळ बरोबर असणे यांतील फरक तपासून दाखवणे.

सूचना: या पाठातील कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या आहेत. बदल करणाऱ्या कमांडपूर्वी 'सुडो' लावावे लागते.

१. प्रस्तावना

संगणकाचे घड्याळ चुकले तर काय बिघडते? पहिल्या नजरेत काहीच नाही. कोपऱ्यातली वेळ चुकीची दिसते, एवढेच. पण थोड्याच वेळात ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळ उघडायला नकार देतो, कारण प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही असे त्याला वाटते. करबेरॉसवर चालणारे लॉगिन अडते, कारण तिथे साधारणपणे ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. मोबाइलवरील ॲपमधला दर ३० सेकंदांनी बदलणारा सांकेतिक अंक सर्व्हर मान्य करत नाही. 'मेक' ही कमांड फाइल भविष्यकाळात तयार झाल्याची तक्रार करते.

त्याहून गंभीर प्रश्न नोंदींचा आहे. दोन सर्व्हरच्या घड्याळांत फरक असेल, तर आधी काय घडले आणि नंतर काय, हे नोंदींवरून सांगताच येत नाही. म्हणूनच सर्ट-इन या भारत सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संगणक प्रणालींची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडता येणाऱ्या सर्व्हरशी, जुळवून ठेवण्यास सांगितले आहे.

हे काम नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, म्हणजे एनटीपी, करतो. डेव्हिड मिल्स यांनी विकसित केलेल्या या प्रोटोकॉलचे पहिले दस्तऐवजीकरण १९८५ मध्ये झाले. सध्याची चौथी आवृत्ती २०१० मध्ये प्रमाणित झाली. तो यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो. पण आपल्या संगणकावर हा प्रोटोकॉल चालवणारी सेवाच सुरू झाली नाही तर? बहुतेक विद्यार्थी अशा वेळी सेवा पुन्हा पुन्हा सुरू करून पाहतात, नाही जमले तर ती काढून पुन्हा टाकतात. यात मूळ कारणाचा माग पुसला जातो. शिवाय घड्याळ फार मागे असेल, तर प्रमाणपत्राच्या अडचणीमुळे नवीन पॅकेज उतरवणेही जमत नाही. म्हणून या पाठाचे सूत्र असे: आधी कारण वाचा, मग हात लावा.

२. दोन घड्याळे

पुढचे समजण्यासाठी एक गोष्ट पक्की हवी. संगणकात दोन घड्याळे असतात. पहिले मदरबोर्डवरचे, छोट्या बॅटरीवर चालणारे हार्डवेअर घड्याळ. संगणक बंद असतानाही ते चालू राहते. दुसरे कर्नलने सांभाळलेले सिस्टिम घड्याळ. संगणक सुरू होताना कर्नल हार्डवेअर घड्याळावरून वेळ घेतो आणि पुढे स्वतः मोजत राहतो.

लिनक्स सहसा असे गृहीत धरते की हार्डवेअर घड्याळात जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, आहे. त्यात ५ तास ३० मिनिटे मिळवून ते आपल्याला भारतीय प्रमाणवेळ दाखवते. विंडोज मात्र हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ ठेवते. हा फरक लक्षात ठेवा; सहाव्या भागातील उदाहरण त्यावरच उभे आहे.

३. 'सुरू होत नाही' म्हणजे नेमके काय?

पहिला प्रश्न: तुमच्या संगणकावर कोणती सेवा आहे? लिनक्सवर प्रामुख्याने तीन आढळतात: क्रोनी, एनटीपीडी आणि सिस्टिमडी-टाइमसिंकडी. क्रोनीच्या सेवेचे नाव रेड हॅट व फेडोरात 'क्रोनीडी', तर डेबियन व उबुंटूत 'क्रोनी' असे आहे. जुन्या पुस्तकातील पायऱ्या पाहून 'एनटीपीडी' सुरू करायला गेलात आणि 'युनिट सापडले नाही' असे उत्तर आले, तर तो बिघाड नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ८ व्या आवृत्तीपासून ते पॅकेजच काढून टाकले आहे. डेबियन १२ मध्येही त्याची जागा एनटीपीसेकने घेतली आहे.

सेवा ओळखल्यावर तिची स्थिती विचारा.

सिस्टिमसीटीएल स्टेटस क्रोनीडी

उत्तर पुढीलपैकी एक असेल.

(अ) इनॲक्टिव्ह: सेवा सुरूच केलेली नाही, दुसऱ्या सेवेने तिला थांबवले आहे, किंवा सुरू होण्याची अट पूर्ण झाली नाही. इथे सेवेच्या स्वतःच्या नोंदीत चूक सापडणार नाही, कारण अनेकदा ती चाललेलीच नसते.

(आ) मास्क्ड: कोणीतरी ही सेवा मुद्दाम कुलूपबंद केली आहे. 'सिस्टिमसीटीएल अनमास्क' ने कुलूप निघते. पण त्याआधी कुलूप का घातले होते ते विचारा. बहुधा दुसरी सेवा वापरात असते.

(इ) फेल्ड: सेवा सुरू होण्याचा प्रयत्न झाला आणि ती पडली. ती लगेच पडली की काही मिनिटे चालून पडली, हे वेळेवरून पाहा. या दोन्हींची कारणे वेगळी असतात.

(ई) ॲक्टिव्ह: सेवा चालू आहे, पण वेळ जुळत नाही. हा सेवा सुरू होण्याचा प्रश्नच नाही. त्याचा विचार सातव्या भागात केला आहे.

इथे एक सामान्य गैरसमज दूर करू. 'इंटरनेट नाही म्हणून सेवा सुरू होत नाही' असे अनेकजण म्हणतात. क्रोनी नेटवर्क नसतानाही व्यवस्थित सुरू होते आणि सर्व्हर मिळण्याची वाट पाहते. मात्र संगणक सुरू होताना पडद्यावर 'क्रोनीने वेळ जुळवण्याची वाट पाहणे अयशस्वी' अशा अर्थाची लाल ओळ कधी कधी दिसते. ती 'क्रोनी-वेट' या वेगळ्या सेवेची असते. ठरलेल्या मुदतीत वेळ जुळली नाही म्हणून वाट पाहणारी सेवा पडते. मूळ क्रोनी चालूच असते.

४. नोंद वाचणे

स्थिती 'फेल्ड' असेल तर पुढची कमांड द्या.

जर्नलसीटीएल -बी -यू क्रोनीडी

यातील '-बी' म्हणजे 'संगणक या वेळी सुरू झाल्यापासूनच्या नोंदी'. 'गेल्या १० मिनिटांतील नोंदी' अशी मागणी करू नका. घड्याळच चुकलेले किंवा मध्येच उडी मारलेले असेल, तर वेळेनुसार केलेला शोध हमखास फसवतो.

नोंदीत शेवटची ओळ नव्हे, तर पहिली चूक शोधा. सेवा थोड्या वेळात अनेकदा सुरू करायचा प्रयत्न केला की सिस्टिमडी पुढचे प्रयत्न थांबवते. मूळ मर्यादा १० सेकंदांत ५ प्रयत्नांची असते. मग 'विनंती फार लवकर लवकर आली' अशा अर्थाची ओळ शेवटी दिसते. विद्यार्थी तीच चूक समजतात. प्रत्यक्षात ती तुमच्या उतावळेपणाची नोंद आहे. खरे कारण तिच्या वर असते. कारण दूर केल्यावर 'सिस्टिमसीटीएल रीसेट-फेल्ड क्रोनीडी' देऊन हा मोजणीचा अडथळा हटवा.

सेवा एकही ओळ न लिहिता पडली असेल, तर स्थितीमधील निर्गमन अंक पाहा. हे अंक सिस्टिमडीचे असतात.

• २०३: चालवायची फाइलच सापडली नाही किंवा ती चालवता आली नाही.
• २१७: सेवेसाठी नेमलेला वापरकर्ता अस्तित्वात नाही.
• २२६: सेवेभोवती सुरक्षेचे कुंपण उभारता आले नाही. सेवेला लागणारी एखादी डिरेक्टरी पुसली गेली की बहुधा असे होते.

तिन्ही बाबतींत वेळेचा किंवा नेटवर्कचा काही संबंध नाही. पॅकेज अर्धवट बसले आहे किंवा कोणी फाइली हलवल्या आहेत. पॅकेज पुन्हा बसवणे हा योग्य उपाय ठरतो तो अशाच ठिकाणी.

५. नेहमी आढळणारी कारणे

५.१ एका म्यानात दोन तलवारी

सिस्टिम घड्याळ एकच असते, म्हणून ते जुळवणारी सेवाही एकच हवी. एनटीपीडी सुरू होताना १२३ क्रमांकाचे पोर्ट मागते. ते आधीच दुसऱ्या कोणाकडे असेल, तर ती तक्रार लिहून बाहेर पडते. पोर्ट कोणाकडे आहे ते असे पाहा.

एसएस -यूएलपीएन

क्रोनीच्या सेवेत मात्र 'या सेवांशी माझा विरोध आहे' असे आधीच लिहिलेले असते. त्यामुळे एक सुरू झाली की दुसरी गुपचूप थांबते आणि तिच्या नोंदीत चूक दिसत नाही. उपाय सोपा आहे: एक निवडा, दुसरी 'डिसेबल' करा.

याच प्रकारातला आणखी एक प्रसंग प्रयोगशाळेत वारंवार घडतो. विद्यार्थी आधी टर्मिनलवर हाताने 'क्रोनीडी' चालवतो आणि मग सिस्टिमसीटीएलने सेवा सुरू करतो. नोंदीत 'दुसरी क्रोनीडी आधीच चालू असावी' असा संदेश प्रक्रिया क्रमांकासह येतो. हाताने चालवलेली प्रक्रिया बंद करा आणि मग सेवा सुरू करा.

५.२ संरचना फाइलमधील चूक

क्रोनीची संरचना फाइल रेड हॅट व फेडोरात '/ईटीसी/क्रोनी.कॉन्फ' येथे, तर डेबियन व उबुंटूत '/ईटीसी/क्रोनी/क्रोनी.कॉन्फ' येथे असते. न समजणारी ओळ आली की क्रोनी ती ओलांडून पुढे जात नाही, तर थांबते. नोंदीत ओळीचा क्रमांक मिळतो. बहुतेक चुका नकल करताना होतात: पीडीएफमधून चिकटवलेले वळणदार अवतरणचिन्ह, दुसऱ्या सेवेच्या फाइलमधून उचललेली ओळ, किंवा पर्यायाच्या नावातील एखादे गळलेले अक्षर.

सेवा सुरू न करताही फाइल तपासता येते.

क्रोनीडी -पी

ही कमांड वाचलेली संरचना छापते आणि बाहेर पडते. फाइल बदलल्यावर दर वेळी आधी ही तपासणी आणि मग पुनःप्रारंभ, अशी सवय लावून घ्या.

५.३ अधिकार कमी पडणे

घड्याळ बदलण्यासाठी कर्नलची खास परवानगी लागते. डॉकरसारख्या कंटेनरमध्ये ती सहसा दिलेली नसते. तिथे सेवा 'परवानगी नाही' म्हणून पडते, किंवा 'अट पूर्ण झाली नाही' असे दाखवून सुरूच होत नाही. हा बिघाड नसून योग्य वर्तन आहे. कंटेनर यजमान संगणकाचाच कर्नल आणि त्याचेच घड्याळ वापरतो. म्हणून वेळ यजमानावर जुळवा. कंटेनरला जादा परवानगी देऊ नका.

एसई-लिनक्स असलेल्या प्रणालीत आणखी एक खाच आहे. घरच्या डिरेक्टरीत तयार केलेली फाइल 'एमव्ही' ने '/ईटीसी' मध्ये हलवली, तर तिच्यावरची जुनी सुरक्षा-खूण तशीच राहते. फाइल डोळ्यांना ठीक दिसते, पण सेवेला ती वाचता येत नाही. 'रीस्टोरकॉन' ही कमांड खूण दुरुस्त करते. त्यासाठी संपूर्ण एसई-लिनक्स बंद करणे म्हणजे किल्ली अडली म्हणून दार तोडणे होय.

५.४ घड्याळ फारच चुकलेले असणे

हे कारण विचित्र वाटेल. जी सेवा वेळ दुरुस्त करण्यासाठी आहे, तीच वेळ फार चुकली म्हणून बाहेर पडते! एनटीपीडीला १००० सेकंदांपेक्षा जास्त फरक आढळला, तर ती असे मानते की काहीतरी गंभीर चुकले आहे. कदाचित सर्व्हरच खोटा असेल. अशा वेळी माणसाने निर्णय घ्यावा म्हणून ती थांबते. '-जी' हा पर्याय दिला, तर सुरुवातीला फक्त एकदा कितीही मोठा फरक मान्य होतो. झोपवलेला आभासी संगणक तासाभराने जागा केला, तर '-जी' देऊनही एनटीपीडी पडू शकते, कारण ती एकदाची सवलत आधीच वापरलेली असते. क्रोनीमध्ये अशी मर्यादा मुळात नसते.

६. सोडवलेले उदाहरण

समजा, एका संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. लिनक्सवर एनटीपीडी आहे, पण '-जी' पर्याय दिलेला नाही. काल विंडोज वापरले होते. आज सकाळी १० वाजता लिनक्स सुरू केले. पडद्यावर वेळ दिसते दुपारचे ३:३०. एनटीपीडी सुरू होते, स्थिती 'ॲक्टिव्ह' येते आणि काही मिनिटांनी 'फेल्ड' होते.

पायरी १. सेवा लगेच पडली नाही, काही मिनिटे चालली. म्हणजे संरचना फाइल, पोर्ट आणि अधिकार ठीक आहेत. सर्व्हरशी बोलणे झाल्यावर ती पडली, म्हणजे नेटवर्कही ठीक आहे.

पायरी २. नोंदीत 'पॅनिक स्टॉप -१९८०० सेकंद, घड्याळ हाताने १००० सेकंदांच्या आत आणा' असा संदेश सापडतो. उणे चिन्ह सांगते की आपले घड्याळ पुढे आहे.

पायरी ३. आकडेमोड करा. १९८०० ÷ ३६०० = ५.५ तास. नेमका भारतीय प्रमाणवेळेचा आणि जागतिक वेळेचा फरक! योगायोगाने इतका नेमका आकडा येत नाही. विंडोजने हार्डवेअर घड्याळात १० लिहिले, लिनक्सने ते जागतिक वेळेचे १० समजून त्यात साडेपाच तास मिळवले.

पायरी ४. इथे एक मोहाचा मार्ग आहे. कालविभाग भारताऐवजी यूटीसी केला की पडद्यावर लगेच १० वाजलेले दिसतात. पण हे दुरुस्त करणे नाही, लपवणे आहे. खरी जागतिक वेळ त्या क्षणी पहाटेचे ४:३० आहे आणि यंत्र १० समजते आहे. एनटीपीडी जागतिक वेळेतच हिशेब करते, त्यामुळे ती पुन्हा पडेल.

पायरी ५. योग्य उपाय असा. आधी घड्याळ एकदाच मोठ्या उडीने जुळवा.

एनटीपीडी -जीक्यू

ही कमांड वेळ जुळवून बाहेर पडते. नंतर 'एचडब्ल्यूक्लॉक -डब्ल्यू' ने तीच वेळ हार्डवेअर घड्याळात लिहा आणि सेवा '-जी' पर्यायासह सुरू करा. शेवटी मूळ कारण काढा: विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअल टाइम इज युनिव्हर्सल' या नोंदीची किंमत १ करून विंडोजलाही हार्डवेअर घड्याळात जागतिक वेळ ठेवायला लावा. हे केले नाही, तर विंडोजला वेळ साडेपाच तास मागे दिसेल, ते ती आपल्या पद्धतीने दुरुस्त करेल आणि उद्या लिनक्सवर तीच तक्रार परत येईल.

पायरी ६. दोन्ही प्रणाली एकदा सुरू करून वेळ तपासा. तोपर्यंत काम पूर्ण झाले असे मानू नका.

७. सेवा सुरू झाली. वेळ जुळली का?

'ॲक्टिव्ह' हा शब्द प्रक्रिया जिवंत असल्याचे सांगतो, वेळ बरोबर असल्याचे नाही. त्यासाठी पुढील दोन कमांड द्या.

टाइमडेटसीटीएल
क्रोनीसी सोर्सेस

पहिलीत 'सिस्टिम क्लॉक सिंक्रोनाइझ्ड' समोर 'येस' हवे. दुसरीत सर्व्हरांची यादी येते. ज्याच्या आधी तारांकन आहे तो निवडलेला सर्व्हर. प्रश्नचिन्ह असेल, तर तो वापरण्यायोग्य नाही. 'रीच' या स्तंभातील अंक अष्टमान पद्धतीचा असतो: ३७७ म्हणजे शेवटच्या आठही विचारणांना उत्तर मिळाले, ० म्हणजे एकालाही नाही.

'रीच' ० असेल, तर आता नेटवर्कवर संशय घ्या. सर्व्हरच्या नावाचा पत्ता मिळतो का? महाविद्यालयाच्या फायरवॉलने यूडीपी १२३ अडवले आहे का? ब्राउझर प्रॉक्सीतून चालतो म्हणून एनटीपी चालेल असे नाही. ते प्रॉक्सीतून जात नाही. अशा ठिकाणी नेटवर्क प्रशासकाला संस्थेचा अंतर्गत वेळ-सर्व्हर विचारून तोच संरचनेत लिहा.

एक सावधानता. चालू असलेल्या डेटाबेस सर्व्हरवर घड्याळ एकदम मागे ओढू नका. नंतरच्या नोंदीवर आधीची वेळ पडते आणि क्रम उलटा होतो. म्हणूनच क्रोनीच्या प्रचलित संरचनेत मोठी उडी फक्त पहिल्या तीन दुरुस्त्यांपुरती मान्य असते. त्यानंतर घड्याळ किंचित हळू किंवा जलद चालवून फरक भरून काढला जातो.

८. विंडोजबद्दल थोडेसे

विंडोजवर हे काम 'विंडोज टाइम' ही सेवा करते. डोमेनमध्ये नसलेल्या संगणकावर ती गरजेपुरती सुरू होऊन थांबते. म्हणून ती थांबलेली दिसणे हा दर वेळी बिघाड नसतो. तिची नोंदणीच बिघडली असेल, तर 'डब्ल्यू३२टीएम' कमांडच्या 'अनरजिस्टर' आणि 'रजिस्टर' या पर्यायांनी ती पूर्ववत करता येते. पद्धत तीच राहते: आधी स्थिती, मग नोंद, शेवटी बदल.

सारांश

'सेवा सुरू होत नाही' ही तक्रार आहे, निदान नाही. आधी कोणती सेवा ते ठरवा, मग तिची स्थिती पाहा, नोंदीतील पहिली चूक शोधा आणि एका वेळी एकच बदल करा. लगेच पडणारी सेवा संरचना, पोर्ट किंवा अधिकार यांकडे बोट दाखवते. काही मिनिटे चालून पडणारी सेवा घड्याळातील मोठ्या फरकाकडे. आणि सेवा सुरू झाल्यावरही वेळ जुळल्याचा पुरावा वेगळा मागा.

स्वाध्याय

१. एका संगणकावर क्रोनी 'इनॲक्टिव्ह' दिसते, पण तिच्या नोंदीत एकही चूक नाही. याची दोन संभाव्य कारणे लिहा आणि ती कशी तपासाल ते सांगा.

२. नोंदीत फरक -२०७०० सेकंद आढळला. भारतीय प्रमाणवेळेचा यात संबंध आहे का? शेजारील देशांच्या प्रमाणवेळा पाहून उत्तर द्या.

३. कालविभाग बदलल्याने पडद्यावरची वेळ बरोबर दिसते, तरीही एनटीपीडी का पडते? तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. तुमच्या प्रयोगशाळेतील एका संगणकावर 'क्रोनीसी सोर्सेस' चालवा. 'रीच' स्तंभातील अंक द्विमान पद्धतीत लिहून शेवटच्या आठ विचारणांपैकी कितींना उत्तर मिळाले ते सांगा.